टेक्सासच्या काउंट्यांमधली हिस्पॅनिक-लॅटिनो लोकसंख्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टेक्सासमध्ये २५४ काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारखे विभाग, आहेत. २०२० च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या २,९१,४५,५०५ भरली आणि त्यातले १,१४,४१,७१७ लोक, म्हणजे ३९.३ टक्के, हिस्पॅनिक किंवा लॅटिनो होते. बातम्यांमध्ये बहुधा एवढंच येतं. काउंटीनिहाय बघायला बसलं की मात्र दोन नकाशे तयार होतात: एक टक्केवारीचा, दुसरा माणसांच्या संख्येचा. ते एकमेकांशी जुळत नाहीत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याकडून काढायला गेलं की चूक ठरलेली. आमच्याकडे येणारे निम्मे प्रश्न याच गल्लतीतून येतात, म्हणून हे पान जरा सविस्तर लिहिलं आहे.

हिस्पॅनिक कोणाला म्हणायचं? आणि लॅटिनो म्हणजे वेगळे का?

रोजच्या बोलण्यात फरक करतात. स्पॅनिश भाषेशी नातं असलेले ते हिस्पॅनिक, लॅटिन अमेरिकेतून आलेले ते लॅटिनो. अमेरिकी जनगणनेत मात्र दोन्ही शब्द एकाच रकान्यात येतात. २०२० च्या फॉर्ममध्ये प्रत्येक माणसाबद्दल विचारलं होतं, की ही व्यक्ती हिस्पॅनिक, लॅटिनो किंवा स्पॅनिश वंशाची आहे का? खाली पाच चौकटी होत्या: नाही; हो, मेक्सिकन किंवा चिकानो; हो, पोर्तो रिकन; हो, क्यूबन; आणि हो, इतर, जिथे मूळ लिहायचं असतं. जो स्वतःला हिस्पॅनिक म्हणतो तो हिस्पॅनिक. आडनाव, कातडीचा रंग, घरची भाषा, कागदपत्रं यातलं काहीही कोणी तपासत नाही.

ब्राझीलचे आणि पोर्तुगीज मुळाचे लोक यात येतात का?

सरकारी व्याख्या स्पॅनिश संस्कृतीवर बेतलेली आहे. त्यामुळे एखाद्याने ‘इतर’ चौकटीत फक्त ‘ब्राझिलियन’ किंवा ‘पोर्तुगीज’ लिहिलं, तर जनगणना विभाग त्याची नोंद हिस्पॅनिकमध्ये धरत नाही.

ह्यूस्टन किंवा डॅलसकडच्या गोवेकर कुटुंबांकडून हा प्रश्न हमखास येतो, कारण फर्नांडिस, डिसोझा, परेरा ही आडनावं ऐकून समोरचा माणूस त्यांना लॅटिनोच समजतो. ही आडनावं पोर्तुगीज राजवटीतून आलेली आहेत. फॉर्मवर ‘नाही’ची चौकट आणि पुढच्या, वंशाच्या प्रश्नात ‘एशियन इंडियन’, हे त्यांचं सरळ उत्तर.

टक्क्यांची बेरीज शंभरच्या वर जाते. आकडे चुकलेत का?

आकडे बरोबर आहेत, बेरीज करताना तक्ते मिसळलेत. हिस्पॅनिक असणं हा एक प्रश्न आणि वंश हा दुसरा. एकच माणूस हिस्पॅनिकही असतो आणि गोरा, काळा, मूळ अमेरिकी किंवा ‘इतर वंशाचा’ही असतो. वंशाच्या तक्त्यातले गोरे आणि दुसऱ्या तक्त्यातले हिस्पॅनिक एकत्र केले की लाखो माणसं दोनदा मोजली जातात. तुलना करायची असेल तर ‘हिस्पॅनिक’ आणि ‘हिस्पॅनिक नसलेले गोरे’ असे रकाने घ्या.

२०१० आणि २०२० ची तुलना करताना इथेच आणखी एक खड्डा आहे. देशभरच्या हिस्पॅनिक लोकांपैकी स्वतःला ‘फक्त गोरा’ म्हणवणारे २०१० मध्ये ५३ टक्के होते, २०२० मध्ये २०.३ टक्के उरले. माणसं कुठे गेली नाहीत. प्रश्नाची मांडणी बदलली, मूळ लिहायला जागा वाढली आणि उत्तरांचं वर्गीकरण अधिक बारकाईने झालं. म्हणून ‘गोरे घटले’ असं एखाद्या काउंटीबद्दल लिहिण्याआधी आपण कोणते गोरे मोजतोय ते बघा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने हे दोन प्रश्न एकत्र करायचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे पुढच्या जनगणनेत ही तुलना आणखी जपून करावी लागेल.

सर्वात जास्त टक्केवारी कुठल्या काउंट्यांत आहे?

रिओ ग्रांदे नदीच्या काठाने. स्टार काउंटीत ९७ टक्क्यांच्या वर, लारेडो शहराच्या वेब काउंटीत ९५ च्या आसपास, ईगल पासच्या मॅव्हरिक काउंटीतही साधारण तेवढीच. मॅकॲलन आणि एडिनबर्गची हिडाल्गो काउंटी ९२ च्या जवळ, ब्राउन्सव्हिलची कॅमेरॉन ९० च्या घरात, पश्चिम टोकाला एल पासो ८३ च्या आसपास. दुसऱ्या टोकाला, लुइझियानाच्या सीमेलगत सबीन आणि न्यूटनसारख्या छोट्या काउंट्यांत हे प्रमाण एक आकडी आहे.

मग सर्वात जास्त हिस्पॅनिक लोक तिथेच राहतात ना?

नाही, आणि आमच्या मते या विषयात सर्वात आधी समजून घ्यायची गोष्ट हीच आहे. सर्वाधिक हिस्पॅनिक लोक हॅरिस काउंटीत, म्हणजे ह्यूस्टनमध्ये राहतात: २० लाखांहून जास्त. तिथे त्यांचं प्रमाण ४३ टक्के आहे, म्हणून टक्केवारीच्या नकाशावर हॅरिसचा रंग मध्यमच दिसतो. आता खालच्या रिओ ग्रांदे खोऱ्यातल्या हिडाल्गो, कॅमेरॉन, स्टार आणि विलासी या चार काउंट्यांची सगळी लोकसंख्या, हिस्पॅनिक असो वा नसो, एकत्र केली तरी ती १४ लाखांपेक्षा कमी भरते. एकट्या हॅरिसमधले हिस्पॅनिक त्याहून कितीतरी जास्त आहेत.

हॅरिसच्या खालोखाल सॅन अँटोनिओची बेक्सार काउंटी (सुमारे ११.९ लाख, ५९ टक्के), डॅलस (साडेदहा लाखांच्या आसपास), हिडाल्गो (सुमारे ८ लाख) आणि एल पासो (७ लाखांच्या वर). राज्यातले साधारण निम्मे हिस्पॅनिक लोक २५४ पैकी या पाच काउंट्यांत आहेत.

दवाखान्यात दुभाषे किती लागतील, शाळेची माहितीपत्रकं स्पॅनिशमध्ये किती छापायची, हे ठरवायचं असेल तर संख्या बघा. एखाद्या गावचा कारभार, बाजार आणि चर्च कुठल्या भाषेत चालतं हे बघायचं असेल तर टक्केवारी बघा.

सगळ्या काउंट्यांच्या टक्केवारीची सरासरी काढली तर राज्याची टक्केवारी का येत नाही?

कारण सरासरी काढताना ६५,९२० वस्तीच्या स्टारला आणि ४७ लाख वस्तीच्या हॅरिसला सारखंच वजन मिळतं. या दोघांचीच साधी सरासरी काढा, ७० येते. प्रत्यक्षात दोन्हीकडचे हिस्पॅनिक एकत्र मिळवून एकूण लोकसंख्येने भागलं तर ४४ सुद्धा येत नाहीत. आधी माणसं मिळवा, मग भागा. काउंट्यांचे गट पाडतानाही हाच नियम.

दक्षिण टेक्सासमध्ये एवढी दाट वस्ती कशामुळे? हे सगळे अलीकडे आलेले आहेत का?

बरीच कुटुंबं टेक्सास अमेरिकेत येण्याच्या आधीपासून तिथे आहेत. सॅन अँटोनिओ १७१८ चं. नदीकाठच्या वसाहती होसे दे एस्कांदोन याने १७४८ पासून न्युएव्हो सान्तान्देर या स्पॅनिश प्रांतात वसवायला घेतल्या. लारेडो १७५५ चं. १७६७ मध्ये तिथल्या जमिनीची वाटणी झाली. प्रत्येक कुटुंबाला जमिनीची लांबच लांब पट्टी मिळाली, अरुंद बाजू नदीला आणि लांबी आत माळरानाकडे, म्हणजे प्रत्येकाच्या गुरांना पाण्यापर्यंत वाट राहील. या पट्ट्यांना ‘पोर्सिओनेस’ म्हणतात. स्टार, हिडाल्गो आणि वेबमधल्या जमिनीच्या जुन्या दस्तांत त्यांचे क्रमांक आजही भेटतात.

१८३६ मध्ये टेक्सास मेक्सिकोतून फुटलं, १८४५ मध्ये अमेरिकेत सामील झालं आणि १८४८ च्या ग्वादालुपे इदाल्गो तहाने रिओ ग्रांदे ही सीमा पक्की झाली. माणसं होती तिथेच राहिली, देश बदलला. या जुन्या घराण्यांना ‘तेहानो’ म्हणतात आणि त्यांना ‘स्थलांतरित’ म्हणणं सरळ चूक आहे.

पुढच्या लाटा कामाच्या मागे आल्या. १८८१ मध्ये रेल्वे लारेडो आणि एल पासोला पोचली, १९०४ मध्ये ब्राउन्सव्हिलला. रेल्वेमागून पाटाचं पाणी, कापूस, हिवाळी भाजीपाला आणि लिंबूवर्गीय फळबागा आल्या आणि त्यासाठी हजारो हात लागले. १९१० ते १९२० च्या मेक्सिकन क्रांतीने अनेक कुटुंबं उत्तरेला ढकलली. १९४२ ते १९६४ दरम्यान करारावर मेक्सिकन शेतमजूर आणायची ‘ब्रासेरो’ योजना चालली. टेक्सासमध्ये मेक्सिकन लोकांना मिळणारी वागणूक पाहून मेक्सिकोने सुरुवातीची काही वर्षं तिथे मजूर पाठवायलाच नकार दिला होता. आजचे बहुसंख्य टेक्सासी हिस्पॅनिक अमेरिकेतच जन्मलेले आहेत.

सीमेपासून शेकडो मैल उत्तरेला मधेच जास्त टक्केवारीच्या काउंट्या दिसतात. त्या कशा?

बहुतेक ठिकाणी एखादा मोठा धंदा सापडतो. पॅनहँडल, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाच्या भागातली डेफ स्मिथ काउंटी, हेरफर्ड गावाची, गुरं पुष्ट करण्याच्या मोठमोठ्या आवारांसाठी ओळखली जाते. तिथे हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आहे. मूर काउंटीत बीफ प्रक्रियेचा कारखाना आहे आणि तिथेही निम्म्याहून जास्त लोक हिस्पॅनिक आहेत. ईशान्येची टायटस काउंटी कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या उद्योगाची: ४० च्या पुढे, आणि आजूबाजूच्या काउंट्या बऱ्याच खाली. ओडेसाच्या एक्टर काउंटीत तेल: ६० च्या पुढे. अशी काउंटी दिसली की आधी तिथे सर्वात जास्त लोकांना काम देणारा कोण ते शोधा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

हे सगळे मेक्सिकन मुळाचेच का?

राज्यभर पाहिलं तर ८० टक्क्यांहून जास्त. सीमेवर जवळजवळ सगळेच. ह्यूस्टनमध्ये साल्वादोर आणि होंडुरासचे लोक मोठ्या संख्येने आहेत. ह्यूस्टनच्या पश्चिमेच्या कॅटी भागात व्हेनेझुएलाचे लोक इतके वसले की त्याला ‘कॅटीझुएला’ म्हणू लागले. किलीनच्या बेल काउंटीत लष्करी तळामुळे पोर्तो रिकन लोक दिसतात. मूळ देशानुसार आकडे हवे असतील तर ‘अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे’चा, म्हणजे जनगणना विभागाच्या नमुना पाहणीचा, बी०३००१ हा तक्ता घ्या.

काउंटीनिहाय तक्ता स्वतः कसा काढायचा?

जनगणना विभागाच्या ‘डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह’ या संकेतस्थळावर फुकट मिळतो.

१. शोधचौकटीत ‘पी२’ लिहा आणि २०२० च्या ‘रीडिस्ट्रिक्टिंग डेटा’ संचातला तक्ता निवडा.
२. भूगोलात काउंटी, मग टेक्सास, मग ‘टेक्सासमधल्या सर्व काउंट्या’.
३. सीएसव्ही उतरवून घ्या. वर शीर्षकाच्या दोन ओळी येतात, एक संकेतांची आणि एक शब्दांत. एक काढून टाका, नाहीतर एक्सेल सगळे आकडे मजकूर समजतं आणि बेरीज शून्य येते.
४. ‘पी२_००१एन’ म्हणजे एकूण लोकसंख्या, ‘००२एन’ म्हणजे हिस्पॅनिक, ‘००५एन’ म्हणजे हिस्पॅनिक नसलेले फक्त गोरे. दुसऱ्याला पहिल्याने भागा.
५. ताळा करा. ओळी बरोबर २५४ हव्यात आणि हिस्पॅनिक रकान्याची बेरीज १,१४,४१,७१७ यायला हवी. एकाचाही फरक पडला तर एखादी ओळ गळली आहे किंवा दोनदा आली आहे.

दुसऱ्या तक्त्याशी जोडताना काही काउंट्या जुळत नाहीत. काय करायचं?

नावावर जोडू नका. ‘डिविट’ एका फाइलमध्ये सलग असतं, दुसरीत तोडून. ‘ला साल’चं तेच. ‘बेक्सार’चा उच्चार स्थानिक लोक ‘बेअर’ करतात, त्यामुळे ऐकून टाइप केलेल्या यादीत ते हमखास चुकतं. त्याऐवजी पाच आकडी फिप्स संकेत वापरा: पहिले दोन आकडे राज्याचे, टेक्सासचे ४८, पुढचे तीन काउंटीचे. हॅरिस ४८२०१, डॅलस ४८११३, बेक्सार ४८०२९. उतरवलेल्या फाइलमध्ये हा संकेत लांबलचक ओळखक्रमांकाच्या शेवटी असतो, उजवीकडचे पाच आकडे कापून घ्या. काउंटीचे तीनच आकडे वेगळ्या रकान्यात असतील तर एक्सेल ०२९ चं २९ करून टाकतं, म्हणून तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून ठेवा.

जनगणना, कम्युनिटी सर्व्हे आणि वार्षिक अंदाज यातलं काय वापरायचं?

एका ठरलेल्या दिवसाची मोजणी हवी तर जनगणना: १ एप्रिल २०२०. उत्पन्न, भाषा, नागरिकत्व, मूळ देश हवा तर सर्व्हे. त्याचे एका वर्षाचे आकडे फक्त ६५,००० किंवा त्याहून जास्त वस्तीच्या काउंट्यांसाठी निघतात आणि स्टारसारखी काउंटी त्या उंबरठ्यावरच आहे. बाकीच्यांसाठी पाच वर्षांचे एकत्रित आकडे. ते पाच वर्षांचं सरासरी चित्र असतं, शेवटच्या वर्षाचं नव्हे, आणि हे बातम्या लिहिणारे सर्रास विसरतात. दरवर्षीचा ताजा आकडा हवा तर १ जुलैचे अंदाज. २०२२ च्या अंदाजात टेक्सासमध्ये हिस्पॅनिक ४०.२ टक्के आणि हिस्पॅनिक नसलेले गोरे ३९.८ टक्के होते, म्हणजे हिस्पॅनिक हा राज्यातला सर्वात मोठा गट ठरला. हे अंदाज दरवर्षी मागे जाऊन सुधारले जातात, तेव्हा सगळी वर्षं एकाच प्रकाशनातून घ्या.

सर्व्हेच्या तक्त्यात त्रुटीच्या रकान्यात पाच फुल्या दिसतात. आकडा गायब आहे का?

नाही. बी०३००२ तक्त्यात काउंटीच्या एकूण किंवा हिस्पॅनिक आकड्यापुढे अशा फुल्या येतात, कारण तो आकडा वार्षिक अंदाजांशी मुद्दाम जुळवून घेतलेला असतो आणि नमुन्याची त्रुटी मोजायला उरत नाही. आकडा बिनचूक आहे असा त्याचा अर्थ लावू नका. जिथे त्रुटी दिलेली असते तिथे ती ९० टक्के विश्वासपातळीची असते. प्रमाणत्रुटी हवी असेल तर १.६४५ ने भागा. छोट्या काउंटीत उपगटांची त्रुटी कधीकधी आकड्याएवढीच असते. तो आकडा छापू नका.

वाढ २१ टक्के की दीड टक्का? दोन्ही वाचायला मिळतं.

टेक्सासमधले हिस्पॅनिक २०१० मध्ये ९४,६०,९२१ होते. दहा वर्षांत १९,८०,७९६ वाढले, म्हणजे २०.९ टक्के वाढ. लोकसंख्येतला वाटा ३७.६ वरून ३९.३ वर गेला, म्हणजे वाढ साधारण १.६ टक्केबिंदूंची. दोन्ही खरं आहे, फक्त दुसऱ्याला ‘टक्के’ म्हणू नका. राज्याची एकूण वाढ जवळपास ४० लाखांची होती आणि तिचा निम्मा भाग हिस्पॅनिक होता. हिस्पॅनिक नसलेले गोरे त्याच काळात १,८७,२५२ वाढले.

१९८० आधीचे काउंटीचे आकडे कुठे मिळतील?

सलग मालिका मिळत नाही, कारण मोजायची पद्धतच बदलत राहिली. १९३० मध्ये ‘मेक्सिकन’ हा वंशच धरला होता. त्यावर मेक्सिकोच्या सरकारने आणि लुलाक या लॅटिनो हक्कांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि तो पुन्हा कधी वापरला गेला नाही. १९५० मध्ये टेक्साससह नैर्ऋत्येच्या पाच राज्यांत स्पॅनिश आडनावांवरून गणती झाली. १९७० मध्ये मूळ विचारलं, पण फक्त नमुन्यातल्या घरांना. सगळ्यांना विचारलं ते १९८० पासून.

आडनावांची ती कच्ची मोजणीसुद्धा किती कामाची ठरली, ते जॅक्सन काउंटीत दिसतं. तिथे १४ टक्के लोकांची आडनावं मेक्सिकन किंवा लॅटिन अमेरिकन होती आणि तरी पंचवीस वर्षांत अशा आडनावाचा एकही माणूस ज्युरीवर बसल्याची नोंद नव्हती. ‘हर्नांडेझ विरुद्ध टेक्सास’ खटल्यात १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच आकड्यांच्या आधारे भेदभाव झाल्याचं मान्य केलं.

या आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा?

काउंटीच्या पातळीवर बराच, पण एका बाजूला झुकलेला. जनगणना विभागाच्या स्वतःच्या पडताळणीनुसार २०२० मध्ये देशभर हिस्पॅनिक लोकसंख्या ४.९९ टक्क्यांनी कमी मोजली गेली. २०१० मध्ये ही तूट १.५४ टक्के होती. टेक्सास राज्याची एकूण तूट १.९२ टक्के. काउंटीनिहाय तूट प्रसिद्ध झालेली नाही, तेव्हा प्रत्येक काउंटीत ५ टक्के मिळवून ‘खरा’ आकडा काढायचा मोह टाळा. सीमेवरच्या ‘कोलोनिया’ वस्त्यांमध्ये गळती व्हायला कारणं उघड आहेत: घरांना नीट पत्ता नाही, एकाच आवारात दोन-तीन कुटुंबं, आणि सरकारी माणूस दारात आला की धास्ती. ही माणसं मोजली गेली नाहीत की त्यांच्या वाट्याचे रस्ते, पाणी आणि दवाखानेही कमी होतात.

लव्हिंग काउंटीची नोंद ६४ माणसांची आहे. २०२० मध्ये गोपनीयतेसाठी आकड्यांमध्ये थोडी ढवळाढवळ केली गेली. मोठ्या काउंटीत ती जाणवत नाही, पण लव्हिंगमध्ये दोन माणसं इकडची तिकडे झाली की तीन टक्के हलतात. तिथे टक्केवारी देऊच नये.

तुरुंगातले लोक कुठे मोजतात?

तुरुंग असेल त्या काउंटीत. हंट्सव्हिलची वॉकर काउंटी आणि पॅलेस्टीनची अँडरसन काउंटी इथे मोठे तुरुंग आहेत, त्यामुळे गावात भेटणारी माणसं आणि तक्त्यातली माणसं यात फरक पडतो. २०२० च्या ‘रीडिस्ट्रिक्टिंग डेटा’ संचातल्याच पी५ तक्त्यात संस्थांमध्ये राहणाऱ्यांची संख्या मिळते. टक्केवारीने बुचकळ्यात पडलात तर आधी तिथे बघा.

नकाशा करताना काय सांभाळायचं?

रंगछटांच्या नकाशात टक्केवारीच भरा, संख्या भरू नका. संख्येसाठी ठिपके किंवा वर्तुळं वापरा. शक्यतो दोन्ही नकाशे शेजारी छापा. पश्चिमेच्या ओसाड काउंट्या आकाराने अवाढव्य आहेत आणि रंग भरला की लाखो माणसं असल्यासारख्या दिसतात.

लोकसंख्येत वाटा मोठा, मग मतदारांत तेवढाच का दिसत नाही?

तीन वेगवेगळे भाजक आहेत: सगळी माणसं, १८ वर्षांवरची माणसं, आणि १८ वर्षांवरचे नागरिक. हिस्पॅनिक लोकसंख्या वयाने तरुण आहे, आणि काही प्रौढ नागरिक नाहीत, म्हणून प्रत्येक पायरीवर वाटा उतरतो. २०२० च्या जनगणनेत नागरिकत्व विचारलेलंच नव्हतं, त्यामुळे तिसरा आकडा सर्व्हेतून येतो. विभाग त्याचा ‘सीव्हॅप’ नावाचा स्वतंत्र संच काढतो. मतदारसंघ मात्र एकूण लोकसंख्येवर आखता येतात; टेक्सासच्याच ‘इव्हनवेल विरुद्ध ॲबट’ खटल्यात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं.

मतपत्रिकेच्या भाषेचा हिशोब आणखी वेगळा. मतदान हक्क कायद्याच्या कलम २०३ नुसार एखाद्या काउंटीतल्या मतदानयोग्य नागरिकांपैकी ५ टक्क्यांहून जास्त किंवा १०,००० हून जास्त लोक एकाच अल्पसंख्य भाषेचे असून त्यांना इंग्रजी पुरेसं येत नसेल, आणि त्यांच्यात निरक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असेल, तर त्या भाषेत निवडणूक साहित्य द्यावं लागतं. स्पॅनिशसाठी हे बंधन सबंध टेक्सास राज्याला लागू आहे. तुमच्या मतदान केंद्रावर स्पॅनिश मतपत्रिका नसेल तर ती मागा.